स्पोर्ट्स कारचे ब्रेक किंचाळतात? खाडीकाठच्या हवेत आवाज शोधायचा आणि घालवायचा कसा

पाम बीच रोडवरून नेरूळच्या सिग्नलला गाडी थांबवायला घेतली की शेवटच्या दहा-पंधरा फुटांत ती ‘कीऽऽ’ करून किंचाळायची. बसस्टॉपवरची माणसं वळून बघायची. गाडी जुनी, दोन दारांची, बुटकी, चाकांत मोठाल्या डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या तबकड्या. एका गॅरेजमध्ये पॅड, म्हणजे ब्रेक दाबला की डिस्कला दोन्ही बाजूंनी घट्ट धरणारे तुकडे, बदलून घेतले. दोन आठवडे शांतता, मग पुन्हा तीच किंकाळी. दुसऱ्यांदा पॅड घ्यायच्या आधी तुर्भ्याच्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे गाडी नेली. त्यांनी चाक काढलं, पॅड ओढून बाहेर काढलं, त्याची पाठ माझ्यासमोर धरली आणि विचारलं, “साहेब, याच्यावरचा पत्रा कुठंय?”

पॅड आणि त्याला ढकलणारा पिस्टन (दट्ट्या) यांच्यामध्ये बसणारी पातळ शिम आधीच्या ठिकाणी पॅड बदलताना परत बसवलीच नव्हती. शिवाय पॅडचे कान, म्हणजे दोन्ही टोकं, जिथे सरकतात त्या खाचेत गंजाचा थर साचला होता. पॅड नवे, पण बसलेले वाकडे. काकांनी दीड तास साफसफाई केली, शिमा लावल्या, आवाज गेला. त्या दीड तासात मी जे पाहिलं आणि नंतर स्वतः ब्रेक उघडायला लागल्यावर जे शिकलो, ते इथे सविस्तर लिहितो आहे. नवे पॅड विकत घ्यायच्या आधी आवाजाचं मूळ शोधा, एवढा माझा आग्रह आहे.

आवाज येतो कुठून

शाळेतला फळा आठवा. खडू सरळ, काटकोनात धरला की कर्कश वाजतो. तोच तिरका धरला किंवा मोडून अर्धा केला की गप्प बसतो. खडू फळ्याला क्षणभर धरतो, सुटतो, पुन्हा धरतो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा होतं. ब्रेकचं नेमकं तसंच आहे. पॅड डिस्कला धरतं-सोडतं, ते थरथरतं, त्याच्यासोबत कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, थरथरतो, आणि बिडाची डिस्क घंटेसारखी वाजते. ही थरथर सेकंदाला साधारण हजाराच्या वर गेली की ती किंकाळी म्हणून ऐकू येते. माणसाचा कान दोन ते पाच हजारांच्या दरम्यान सगळ्यात तिखट असतो, म्हणून छोटा आवाजही जिवाला लागतो.

उपायही खडूवरूनच समजतात. पॅडची कड तिरकी घासली म्हणजे खडू तिरका धरला. मागे शिम आणि ग्रीस लावलं म्हणजे खडू दोन बोटांऐवजी घट्ट मुठीत धरला. जे काही करायचं ते थरथर सुरू होऊ नये किंवा सुरू झाली तर विरून जावी, यासाठी.

स्पोर्ट्स कारला हा त्रास जास्त होतो त्याला कारण आहे. पॅडमध्ये धातूचं प्रमाण जास्त, डिस्क मोठ्या, त्यांना भोकं किंवा चरे पाडलेले, आणि चाकांचे आरे इतके उघडे की आवाज अडवायला मध्ये काहीच नाही. हे ब्रेक तापल्यावर उत्तम चालतील असे बनवलेले असतात. शर्यतीच्या पॅडची खरी पकड तर दीडशे-दोनशे अंशांच्या पुढेच सुरू होते. माजिवडा नाक्यावर पहिल्या गिअरमध्ये रांगताना ते कधी तापतच नाहीत. गार, कडक पॅड आणि हलका पाय, किंचाळायला एवढं पुरतं.

आपल्याकडे त्यात हवेची भर पडते. नवी मुंबईला आणि ठाण्याला खाडी चिकटून आहे. दमट, खारट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. त्यातून अशा गाड्या रोज निघत नाहीत. आठवडाभर पोडियम पार्किंगमध्ये कव्हरखाली आणि रविवारी सकाळी खारघर किंवा येऊरच्या बाजूला एक फेरी. उभ्या गाडीचे ब्रेक जास्त गंजतात.

पहिलं काम: नुसतं ऐका

हत्यारांना हात लावायच्या आधी दोन दिवस फक्त ऐका. आवाज कधी येतो, यावर निम्मं निदान होतं.

सकाळी पहिले तीन-चार ब्रेक वाजले आणि मग शांत झाले, तर डिस्कवर रात्रभरात धरलेला तांबूस गंज पॅड पुसून काढतंय. याला काही करायचं नाही. पावसात अटल सेतूवरून येताना असंच होतं. २१.८ किमी ब्रेकला जवळजवळ पाय लागत नाही, डिस्कवर पाण्याचा थर बसतो, आणि उतरताना पहिला ब्रेक उशिरा धरतो आणि वाजतो. उतार येण्याआधी मागे कोणी जवळ नाही ना बघून एक-दोनदा हलका ब्रेक लावून डिस्क कोरडी करून घ्यावी.

ब्रेक न लावताही बारीक, सलग शिट्टी येते आणि ब्रेक दाबला की ती बदलते किंवा थांबते? मग पॅड संपल्याची खूण करणारी धातूची पट्टी डिस्कला टेकली असण्याची दाट शक्यता आहे. पॅड बदलायचे, प्रश्न संपला. अनेक युरोपियन गाड्यांमध्ये पट्टीऐवजी सेन्सरची वायर असते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो, त्यामुळे तिथे शिट्टीची वाट बघत बसू नका.

खरखर, लोखंडावर लोखंड घासल्यासारखी, आणि पेडलमध्येही जाणवणारी, असेल तर गाडी तिथेच थांबवा. पॅडचा मसाला, म्हणजे डिस्कवर घासणारा थर, संपून पाठीची लोखंडी पट्टी डिस्क खरवडते आहे. गाडी टोइंगने न्या. ‘गॅरेज जवळच आहे’ म्हणून चालवत नेऊ नका.

घोडबंदर रोडवरून आल्यावर अचानक कर्कश घासण्याचा आवाज सुरू झाला, ब्रेकशी त्याचा काही संबंध नाही, तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्याच्या ढालीत खडी अडकलेली असते. मेट्रोच्या आणि रस्त्याच्या कामामुळे तिथे बारीक खडी कायम उडत असते. गाडी सावकाश थोडी मागे-पुढे घेतली की बऱ्याचदा खडा पडून जातो. नाहीतर चाक काढून ढाल हाताने किंचित बाहेर वाकवायची.

आणि हळू वेगात, हलक्या ब्रेकवर, गाडी थांबता थांबता येणारी किंकाळी, म्हणजे माझ्या गाडीची, ती थरथरीची. पुढचं सगळं मुख्यतः तिच्यासाठी आहे.

कोणतं चाक वाजतंय हे कळायला सोसायटीच्या कंपाउंड वॉलइतकं चांगलं साधन नाही. काचा खाली करून भिंतीला लागून दहा-पंधराच्या वेगाने जा आणि हलका ब्रेक लावा. भिंत आवाज परतवते आणि त्या बाजूचं चाक स्पष्ट ऐकू येतं. मग गाडी फिरवून दुसरी बाजू भिंतीकडे करा. दहा मिनिटं फारसे ब्रेक न लावता गाडी चालवून आल्यावर चारही चाकांजवळ तळहात न्या, टेकवू नका. एकच चाक जास्त गरम लागत असेल तर तिथला कॅलिपर अडकतोय आणि पॅड सुटत नाहीये.

गाडी उचलण्याआधी

हे काम तुम्ही पहिल्यांदाच करत असाल तर आधी केलेला माणूस सोबत ठेवा. ब्रेक आहेत, अंदाजपंचे चालत नाही.

लागणारं सामान: बुटक्या गाडीखाली जाणारा जॅक, दोन जॅक स्टँड, लाकडी ठोकळे, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळणारा पाना), ब्रेक क्लीनरचा स्प्रे, तारेचा आणि नायलॉनचा ब्रश, १२० नंबरचा पॉलिश पेपर, कानस, व्हर्नियर, सी-क्लॅम्प, मास्क, हातमोजे. ग्रीस दोन प्रकारचं: पॅडच्या पाठीसाठी जास्त तापमान सोसणारं सिरॅमिक ब्रेक ग्रीस आणि कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांसाठी रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस. गॅरेजच्या डब्यातलं साधं पिवळं ग्रीस इथे मुळीच वापरू नका. पेट्रोलियमचं ग्रीस कॅलिपरमधलं रबर फुगवतं, पिन जाम होते, आणि ज्या आवाजासाठी हे सगळं केलं तो सहा महिन्यांत परत येतो.

जागा सपाट हवी. पोडियमवरचा उतार डोळ्यांना दिसत नाही, पण गाडीला कळतो. पुढची चाकं उघडणार असाल तर हँडब्रेक लावा आणि मागच्या चाकांना ठोकळे. मागची उघडायची असतील तर हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करा. जॅक नेमून दिलेल्या जागीच लावा. या गाड्यांच्या खालच्या प्लास्टिकवर जॅक टेकवला की ते मोडलंच. आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीशेजारी हात घालायचा नाही, स्टँडवर टेकवल्यावरच.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू जुळणीचा नमुना म्हणून शाबूत राहते.

उघडल्यावर काय बघायचं

चाक निघालं की लगेच स्प्रे मारू नका. आधी बघा. ब्रेकची धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरने तर नाहीच. ती फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने किंवा क्लीनरने भिजवून काढा.

सरकता कॅलिपर असेल तर खालचा बोल्ट काढून तो वर फिरवता येतो. पूर्ण काढला तर तारेने सस्पेन्शनला टांगा, ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. दोन्ही बाजूंना पिस्टन असलेला, जागचा न हलणारा कॅलिपर असेल तर दोन पिना आणि स्प्रिंगची पट्टी काढून पॅड वरून किंवा मागून ओढून निघतात. या वेळी ब्रेक पेडलला कोणाचाही पाय लागता कामा नये, नाहीतर पिस्टन बाहेर येईल.

आतलं आणि बाहेरचं पॅड शेजारी ठेवून मापा. नव्या पॅडचा मसाला साधारण १० ते १२ मिमी असतो. ३ मिमीला आला की बदलायची वेळ झाली. दोघांत दीड-दोन मिमीचा फरक दिसला तर पॅडचा दोष नाही, पिन किंवा पिस्टन अडकतो आहे. एकच पॅड एका टोकाला जास्त झिजलं असेल तर ते खाचेत वाकडं अडकून बसत होतं.

डिस्कच्या मधल्या भागावर किंवा कडेला ‘किमान जाडी’चा आकडा कोरलेला असतो. व्हर्नियरने मापताना कडेचा न झिजलेला काठ टाळा, नाहीतर डिस्क आहे त्यापेक्षा जाड भासते. त्या आकड्याच्या खाली गेलेली डिस्क बदलायची, दोन्ही बाजूंची एकदम. भोकांच्या डिस्कमध्ये भोकं धुळीने बुजली असतील तर ती मोकळी करा, आणि भोकापासून कडेपर्यंत धावलेला तडा दिसला तर ती डिस्क वापरू नका.

गंज, पिना आणि चकाकी

घाई होते ती याच टप्प्यावर, आणि माझ्या मते खाडीकाठच्या गाड्यांचं निम्मं दुखणं इथेच असतं.

पॅडचे दोन कान ब्रॅकेटच्या (कॅलिपर धरणाऱ्या लोखंडी चौकटीच्या) खाचेत स्टीलच्या पातळ क्लिपवर सरकतात. क्लिप चकचकीत दिसते, म्हणून कोणी ती काढत नाही. काढा. खाली लोखंडी ब्रॅकेटवर गंजाची खपली असते. ती फुगते, क्लिपला आत ढकलते आणि पॅडची सरकायची जागा अर्ध्या-पाऊण मिलिमीटरने कमी करते. पॅड मग हाताने सरकत नाही, ठोकून बसवावं लागतं, आणि ब्रेक सोडल्यावर मागेही येत नाही. माझ्या गाडीची क्लिप काकांनी स्क्रू ड्रायव्हरने उचकली तेव्हा खालून तांबड्या पापुद्र्यांची नखभर जाड वडी निघाली होती. तारेच्या ब्रशने आणि कानशीने खाच पार धातूपर्यंत साफ करा. कानस हलक्या हाताने. गंज काढायचाय, ब्रॅकेट नाही. मग क्लिप बसवून पॅड घालून बघा. ते बोटाने सरकलं पाहिजे, पण खुळखुळता कामा नये.

पिना बाहेर ओढा. चांगल्या पिनेवर ग्रीस मऊ असतं. वाईट पिनेवर ते वाळून काळ्या खळीसारखं चिकटलेलं असतं, किंवा रबरी टोपी फाटून आत पाणी गेलेलं असतं. क्लीनरने पुसा, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. वरची आणि खालची पिन कधीकधी वेगळी असते, एकीवर रबराची नळी असते, त्यामुळे अदलाबदल करू नका. टोपी फाटलेली असेल तर बदलाच. आपल्या पावसात फाटकी टोपी एक मोसमही काढत नाही.

आता पॅडचा चेहरा. तो काचेसारखा चकाकत असेल तर तो जळून गुळगुळीत झालाय. लांब उतारावर ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की, किंवा नवे पॅड डिस्कशी नीट न जमवता (पद्धत पुढे दिली आहे) वापरले की असं होतं. फरशीच्या सपाट तुकड्यावर पॉलिश पेपर पसरून त्यावर पॅड आठच्या आकड्यात फिरवा, चकाकी जाऊन सगळीकडे एकसारखा मळकट रंग येईपर्यंत. मास्क लावूनच. पुढची आणि मागची कड कानशीने तिरकी करा, दोन-तीन मिमी पुरे. पॅडला तडा असेल, मसाला पाठीपासून सुटत असेल किंवा त्यावर तेल-ग्रीस मुरलं असेल तर घासत बसू नका, जोडी बदला. डिस्कवरही पॉलिश पेपर गोल-गोल, सगळ्या दिशांनी फिरवून वरचा जुना थर मोडा आणि क्लीनरने पुसून घ्या.

पॅडची पाठ जिथे पिस्टनला आणि कॅलिपरच्या बोटांना टेकते तिथे, शिमेवर, आणि कानांच्या टोकांना सिरॅमिक ग्रीसचा पुसट लेप द्या. जास्त लावलं तर ते तापून डिस्ककडे ओघळतं.

नवे, जाड पॅड घालायचे असतील तर पिस्टन मागे ढकलावा लागतो. सी-क्लॅम्पने सावकाश ढकला आणि बॉनेटखाली ब्रेक फ्लुइडच्या (पेडलचा दाब पिस्टनपर्यंत पोचवणाऱ्या द्रवाच्या) टाकीवर लक्ष ठेवा, पातळी वर येते. सांडलेलं फ्लुइड रंग खातं, लगेच पाण्याने धुवा. मागच्या चाकाला इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर क्लॅम्प लावायचाच नाही. आधी स्कॅनरने किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीने सर्व्हिस मोड लावावा लागतो, नाहीतर आतली मोटर तुटते. काही गाड्यांत मागचा पिस्टन दाबून नाही, फिरवून आत जातो.

जोडताना कॅलिपरचे बोल्ट आणि चाकाचे बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने, चाकाचे समोरासमोर. असमान आवळलेलं चाक डिस्कला किंचित वाकवतं, मग काही दिवसांनी पेडल थरथरायला लागतं. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा. पहिल्या दोन-तीन दाबांना ते जमिनीपर्यंत जातं. हे विसरून गाडी रिव्हर्स घेतली तर मागची गाडी ठोकली जाईल.

पॅड डिस्कशी जमवणं

नव्या किंवा घासलेल्या पॅडचा मसाला डिस्कवर एकसारखा, पातळ लागला की ब्रेक शांत होतो. हे करायला रविवारी पहाटे महापे-रबाळे एमआयडीसीतले आतले रस्ते बरे. कारखाने बंद असतात आणि ट्रक तुरळक. तरी प्रत्येक वेळी आरशात बघूनच.

५० च्या वेगावरून १० पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता. लगेच वेग घ्या, अर्धा मिनिट हवा लागू द्या, पुन्हा. असं आठ-दहा वेळा, शेवटचे दोन-तीन जरा जोरात. मग दहा मिनिटं ब्रेकला शक्यतो हात न लावता गाडी फिरवून गार करा. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून सिग्नलला उभं राहिलात तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि तोच पुढे थरथर देतो. थोडा जळका वास येईल, तो येतोच. पॅडच्या कंपनीने वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा.

एवढं करूनही वाजत असेल तर

पॅडची जात तपासा. पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. पहिलं गार असतानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. अक्षर घर्षणाचा आकडा दाखवतं: ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. आकडा मोठा म्हणून पॅड चांगलं असं नाही. कोइम्बतूरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर जाणाऱ्या मित्राचे पॅड तुम्ही वाशी-ठाणे ये-जा करायला लावले तर ते रोज ओरडणार, आणि गार असताना धरतीलही कमी. रस्त्यावरच्या वापराला चांगले सिरॅमिक पॅड बहुधा सगळ्यात शांत असतात आणि चाकं काळी करत नाहीत.

कार्बन-सिरॅमिक डिस्क ही वेगळी वस्तू आहे. पोर्शेने २००१ मध्ये ‘९११ जीटी२’वर त्या आणल्या, आता बऱ्याच महागड्या गाड्यांना येतात. गार आणि ओल्या असताना त्या वाजतात, आणि त्यात बिघाड नसतो. त्यांना पॉलिश पेपर लावू नका आणि चाक धुण्याचं अ‍ॅसिड जवळ नेऊ नका. शंका आली तर जाणकार गॅरेज.

डिस्कवर कोणताही तेलकट स्प्रे मारून आवाज बंद करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आवाज खरंच बंद होतो, कारण ब्रेकच बंद होतो.

पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात

मे महिन्यात क्लिपा आणि पिना एकदा साफ करून घ्या. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतली ओल शोषतं, आणि डॉट ४ जातीचं ताजं फ्लुइड २३० अंशांच्या पुढे उकळतं, तर ओल शोषल्यावर त्याची हमी १५५ अंशांपर्यंतच. आवाजाशी याचा संबंध नाही, पण उताराला पेडल पोकळ पडणं किंकाळीपेक्षा फार वाईट.

गाडी धुतली की लगेच कव्हर घालून उभी करू नका. दोन किलोमीटर फिरवून, चार-पाच ब्रेक लावून डिस्क कोरड्या करा. तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारू नका. आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर हँडब्रेक न लावता गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवा आणि चाकांना ठोकळे लावा. ओल्या डिस्कला पॅड चिकटून बसतं आणि सोडवताना मसाल्याचा तुकडा डिस्कवर राहतो.

काम झाल्यावर १०० किमीच्या आत चाकाचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. आणि एका वहीत तारीख, किलोमीटर आणि आठही पॅडची जाडी लिहून ठेवा, आतलं-बाहेरचं वेगळं. पुढच्या मेमध्ये पुढच्या डाव्या चाकाचं आतलं पॅड बाकीच्यांपेक्षा एक मिमी जास्त उतरलेलं दिसलं, तर तिथली खालची पिन आधी ओढून बघा.